सात जणांसमोरची माफी

नूतनला राग लवकर येतो, असं ‘अर्हम कॉम्प्युटर्स’मध्ये सगळेच म्हणायचे. साफ खोटं. अकरा वर्षं ती त्या दुकानात होती आणि अकरा वर्षं राग गिळत होती. जळगावच्या त्या मार्केटचे दोन मजले चढून आलेला प्रत्येक दुसरा माणूस तिच्याकडे बघून विचारायचा, ‘‘कोणी माणूस नाही का?’’ ती काउंटरवरच उभी असायची, हातात स्क्रू ड्रायव्हर, समोर उघडलेला कॅबिनेट. ती म्हणायची, ‘‘मीच आहे, बोला.’’ मग तो गृहस्थ मालकांकडे बघायचा, मालक मान हलवायचे, आणि तेव्हा कुठे त्याच्या कॉम्प्युटरचं दुखणं बाहेर पडायचं. एवढं होऊनही जिला संताप येत नसेल, तिलाच डॉक्टरकडे न्यायला हवं.

ती पारोळ्याजवळच्या खेड्यातली. अमळनेरला कॉलेज केलं, लग्न होऊन जळगावला आली, नवरा पाइपच्या कारखान्यात शिफ्टला. दलिचंद शेठजींच्या दुकानात ती बिलं करायला म्हणून लागली आणि शेजारच्या टेबलावरची दुरुस्ती बघत बघत शिकली. पुढे ग्राफिक्स कार्ड हा तिचा खास प्रांत झाला. गेम खेळायच्या कॉम्प्युटरमध्ये पडद्यावरची चित्रं काढायचं सगळं काम हे कार्ड करतं, आणि त्यानं ते कसं करायचं हे सांगणारं एक सॉफ्टवेअर असतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात. हा ड्रायव्हर सारखा नवा येत असतो. आला की लोक तो टाकतात, जुन्यावरच नवा, त्यावर आणखी नवा, आणि मग एक दिवस पडदा काळा पडला की कॉम्प्युटर डोक्यावर घेऊन मार्केटच्या पायऱ्या चढतात.

नूतनची रीत वेगळी होती. आधी इंटरनेट तोडायचं, म्हणजे विंडोज मध्येच आपल्या अकलेनं भलताच ड्रायव्हर ओढून घेत नाही. मग कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये, म्हणजे नेमक्या गरजेपुरताच, चालू करून जुना ड्रायव्हर मुळापासून उपटायचा. मग नवा टाकायचा, पण कालपरवा आलेला नाही; महिनाभर लोकांनी वापरून ज्याची ओरड झाली नाही असा. त्यानंतर पंखे. कार्ड बनवणाऱ्यांनी पंख्याचा वेग कुठल्याशा गार देशात बसून ठरवलेला असतो. जळगावचा मे महिना त्यांनी बघितलेला नाही. म्हणून पंखे लवकर जोर धरतील असं ती लावून द्यायची आणि कार्डला मिळणारी वीज किंचित उतरवायची. खेळणाऱ्याला फरक कळत नाही, कार्ड मात्र चांगलं दहा अंशांनी थंड राहतं. शेवटी अर्धा तास गेम चालवून बघायचा, आणि मगच उठायचं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. जळालेली कार्डं हाताळून हाताळून तिनं ते स्वतः बसवलं होतं.

यंदा शेठजी धुळ्याला दुसरं दुकान काढत होते. दिवाळीला उघडायचं आणि नूतननं बघायचं, असं त्यांनी उन्हाळ्यातच सांगून टाकलं होतं. तिनं घरी सांगितलं, माहेरी सांगितलं, बसचं वेळापत्रक सुद्धा पाठ केलं. अशात प्रेमराजभाऊंचं प्रकरण उपटलं.

प्रेमराजभाऊ ठिबकच्या नळ्यांचे डीलर. चाळिशी उलटलेली, पण घरी गेमिंगचा कॉम्प्युटर, त्याला खरंखुरं स्टीअरिंग जोडलेलं, आणि रोज संध्याकाळी जेवणाआधी गेममध्ये युरोपातल्या रस्त्यांवर ट्रक चालवायचा. तीन वर्षांत सहा लाख किलोमीटर झाले, असं ते भेटेल त्याला सांगत. पितृपक्षाच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी नूतनला घरी बोलावून ड्रायव्हर बदलून घेतला. तिनं सगळं नेहमीच्या रीतीनं केलं, त्यांना शेजारी बसवून अर्धा तास ट्रक पळवला. ते खूश होऊन त्याच संध्याकाळी कामासाठी सुरतेला गेले. घट बसले त्या दिवशी परत आले, कॉम्प्युटर लावला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात हजर.

‘‘शेठजी, तुमच्या बाईनं माझं कार्ड घालवलं,’’ ते दारातूनच म्हणाले. ‘‘बरा चालला होता कॉम्प्युटर. यांनी अपडेट केलं, काय काय सेटिंग केली, आता ट्रक फोटोसारखा जागच्या जागी उभा.’’

नूतन म्हणाली, ‘‘भाऊ, तुमच्यासमोर अर्धा तास चालवला होता. नंतर कोणी हात लावला का?’’

‘‘कोण लावणार? मी सुरतेला होतो. मी नसताना त्या खोलीत कोणी जात नाही.’’

दुकानात तेव्हा सात गिऱ्हाइकं होती. नूतनला हा आकडा नंतर कधी आठवावा लागला नाही. दलिचंद शेठजींनी त्या सातांकडे एक नजर फिरवली आणि म्हणाले, ‘‘नूतन, आधी माफी माग. मग बघू.’’

‘‘शेठजी, मशीन तरी उघडून बघू द्या.’’

‘‘गिऱ्हाईक समोर उभं आहे आणि तू वाद घालतेस? माफी माग म्हटलं ना.’’

तिनं मागितली. हात जोडून, ‘‘चुकलं माझं, माफ करा,’’ असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. कान तापून लाल झाले होते तिचे. जे केलं नाही ते केलं म्हणून कबूल करायचं, आणि तेही ज्या टेबलावर आपण अकरा वर्षं काम केलं त्या टेबलापाशी उभं राहून. प्रेमराजभाऊंनी मान हलवून ती स्वीकारली, आणि ‘आता ही बाई नको’ असं जाता जाता बजावलं.

कॉम्प्युटर बघायला शेठजींनी तिला पाठवलंच नाही. भूषणला पाठवलं. भूषण दोन वर्षांपूर्वी दुकानात लागलेला, स्वभावानं गरीब, पण प्रत्येक आजारावर त्याच्याकडे एकच औषध, फॉरमॅट. सगळं पुसायचं, नव्यानं भरायचं. त्यानं तेच केलं. सगळ्यात ताजा ड्रायव्हर टाकला. गेम सुरुवातीच्या पडद्यावरच अडकला, ट्रक आलाच नाही. दुपारी परत येऊन त्यानं निकाल दिला की कार्ड गेलं, ताईंनी वीज कमी केली होती त्यानंच गेलं असणार. शेठजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘‘धुळ्याचं मग सध्या भूषणच बघेल,’’ ते म्हणाले. ‘‘तुझं पुढे बघू, नूतन.’’

धुळं गेलं याचं वाईट वाटलंच. पण रात्रंदिवस तिच्या डोक्यात घोळत राहिली ती माफी. वीज कमी केल्यानं कार्ड जळत नाही, उलट टिकतं. हे शेठजींना माहीत होतं, त्यांच्याच दुकानात तिनं शेकडो कार्डांना तसं केलं होतं. तरी त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. ती माफी तिला परत हवी होती. जिथे मागितली तिथेच, तेवढ्याच मोठ्या आवाजात.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं कोणाला न विचारता स्कूटर काढली आणि थेट प्रेमराजभाऊंचं घर गाठलं. फाटकाशी गाडी लावली आणि ती तिथेच थबकली. कंपाउंडच्या भिंतीवर धुतलेल्या जाड गोधड्या अजून ओळीनं वाळत होत्या. ओट्यावर डाळींचे घासलेले डबे अजून उन्हात उपडेच. म्हणजे या घरात दसरा काढला गेला होता. घट बसायच्या आधी घरातली चिंधी न् चिंधी धुवायची, भांडं न् भांडं घासायचं, एक वस्तू जागेवर राहू द्यायची नाही. तिनं स्वतः त्याच आठवड्यात तिच्या दोन खोल्यांत हेच केलं होतं, कंबर धरेपर्यंत. आणि ‘मी नसताना त्या खोलीत कोणी जात नाही’ म्हणणारा हा गृहस्थ सुरतेहून आला तो लख्ख घरात आला, आणि घर मुळात असंच असतं असं समजून चालला. नूतनला तिथे उभ्या उभ्या असा संताप आला की फाटकाची कडी तिनं गरजेपेक्षा जोरात आपटली.

दार ताईबाईंनी उघडलं. प्रेमराजभाऊंच्या आई, सत्तरी पार केलेल्या, गुडघ्यांनी दगा दिलेला, पण हातात फडकं होतंच. मागून प्रेमराजभाऊ जेवणाचा हात पुसत आले. ‘‘परत तुम्ही?’’

‘‘पाच मिनिटं,’’ नूतन म्हणाली आणि परवानगीची वाट न बघता खोलीत शिरली.

कॉम्प्युटर चालू करून तिनं कार्डचं सॉफ्टवेअर उघडलं. समोर संदेश आला की या कार्डला एकही स्क्रीन जोडलेला नाही. इतकं साधं वाक्य. भूषणनं हेच वाचलं असणार आणि कार्ड गेलं असं ठरवून मोकळा झाला असणार. बिचारं यंत्र कोकलून सांगत होतं की मला वायरच लावलेली नाही, आणि एवढ्या शहाण्या पुरुषांपैकी एकालाही मागे वाकून बघावंसं वाटलं नाही.

तिनं टॉर्च घेऊन मागे बघितलं. स्क्रीनची वायर घालायला मागे सारख्याच आकाराच्या दोन खाचा असतात. खालची कार्डची, वरची कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डाची. वायर वरच्या खाचेत होती. तिथे लावली तरी चित्र दिसतं, म्हणून कोणाला संशय येत नाही. पण मग कार्ड आपलं रिकामं बसून राहतं आणि सगळा भार कॉम्प्युटरच्या किरकोळ ग्राफिक्सवर पडतो. त्याच्यानं ट्रक ओढवत नाही.

‘‘अक्का, ही वायर कोनी लायी?’’ तिनं ताईबाईंना अहिराणीत विचारलं.

‘‘मीच लायी,’’ ताईबाई सरळ म्हणाल्या. ‘‘दसरा काढा ना. बठ्ठं घर धोयं, मंग ह्या डब्बाले काय सोडू? वायरी काढ्यात, पुस्यात, परत लायी दिध्यात. खालनं भोक माले दिसे नही, गुडघा वाकत नही. वरलं दिसनं, तठे बसनी.’’

प्रेमराजभाऊ पोट धरून हसायला लागले. ‘‘आई, तू पण ना. अरे देवा. मॅडम, बघा काय गंमत झाली.’’

नूतनला हसू आलं नाही. तिनं वायर काढून कार्डला लावली आणि गेम सुरू केला. चित्र लोण्यासारखं सरकायला लागलं. पडद्यावर एक नवाकोरा ट्रक उभा राहिला आणि खाली चौकट आली, चालकाचं नाव लिहा.

‘‘हे काय? माझे सहा लाख किलोमीटर?’’ प्रेमराजभाऊंचं हसू जागीच विरलं.

‘‘परवा भूषणनं फॉरमॅट केला, त्यात पुसले गेले. मला पाठवलं असतं तर मी आधी त्याची कॉपी ठेवली असती. तुम्हीच म्हणालात ना, ती बाई नको.’’

ते खुर्चीत बसले ते बसूनच राहिले. ताईबाईंचं लक्ष मात्र नूतनकडे होतं. ‘‘पोरी, वायर लागी गयी ना? मंग तू आते कसाले चिडी रायनीस?’’

एवढ्या दिवसांत कोणीतरी पहिल्यांदा विचारलं होतं, म्हणून नूतननं सांगितलं. ‘‘माले दुकानमा हात जोडना पडनात अक्का. सात लोकेसना म्होरे. मी काहीच करं नव्हतं.’’

‘‘मनामुये?’’ ताईबाईंनी स्वतःकडे बोट दाखवत विचारलं.

ताईबाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं आणि मुलाकडे बघितलं. ते पडद्याकडे बघत होते.

दुकानात येऊन तिनं शेठजींना सगळं सांगितलं. शेठजींनी सुटकेचा निःश्वास सोडला. ‘‘चला, मिटलं. बरं झालं.’’

‘‘काय मिटलं? मी माफी मागितली त्याचं काय?’’

‘‘अगं, गिऱ्हाइकासमोर असं करावंच लागतं. त्यात एवढं काय मनाला लावून घ्यायचं? सोडून दे.’’

‘‘आणि धुळं?’’

‘‘भूषणला सांगून झालंय. आता परत फिरवलं तर बरं दिसत नाही.’’

बरं दिसत नाही. भूषणला दिलेला शब्द फिरवणं बरं दिसत नाही, तिला दिलेला फिरवताना मात्र सगळं छान दिसलं होतं. ती घरी गेली आणि तिनं पोळ्या लाटताना लाटणं इतकं आपटलं की नवऱ्यानं स्वयंपाकघरात यायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास दुकान भरलेलं होतं. मार्केटची लिफ्ट गणपतीपासून बंद होती. दारात आधी काठी दिसली, मग ताईबाई. दोन मजले चढून आल्या होत्या, मागे प्रेमराजभाऊ त्यांना धरून. त्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या, दम पुरा घेतला आणि गावाकडे शेताच्या या बांधावरून त्या बांधावर बोलतात तशा आवाजात म्हणाल्या, ‘‘चूक मनी शे. वायर मीच काढी व्हती, मीच चुकीनी जागाले लायी. ह्या पोरनी काहीच बिघाडं नही. हाई सांगाले उनू मी.’’

शेठजी लगबगीनं उठले, स्वतः खुर्ची पुढे केली. ‘‘अहो अक्का, माफ करा. तुम्ही कशाला एवढा त्रास घेतला? फोन केला असता तरी चाललं असतं. माफ करा हं.’’

नूतननं ते ऐकलं आणि तिच्या पायापासून डोक्यापर्यंत आग गेली. माफ करा. किती सहज आलं. हा शब्द त्यांना येत नाही असं थोडंच होतं? दिवसातून दहादा येत होता. फक्त तिच्या वाट्याला येत नव्हता.

ती काउंटरमागून पुढे आली. ‘‘शेठजी, मी त्या दिवशी या टेबलापाशी उभं राहून माफी मागितली. तुमच्या सांगण्यावरून. आज तुम्ही म्हणा की ते चुकीचं सांगितलं.’’

‘‘नूतन, आत चल. आत बोलू.’’

‘‘मी आत नव्हती मागितली.’’

शेठजींनी आवाज खाली आणला. ‘‘बरं, धुळं तुझं. मी भूषणला समजावतो. झालं ना आता?’’

‘‘धुळं माझंच होतं. मी वेगळं मागतेय.’’

भूषण मान खाली घालून एका माऊसची वायर गुंडाळत राहिला. शेठजींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत लावला, परत काढला. एक गिऱ्हाईक खांद्यावर कॅबिनेट घेऊन उभं होतं, त्याला तो खाली ठेवायचं सुचलं नाही. नूतन थांबली. चांगली थांबली. माणसाला दोन शब्द बोलायला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ तिनं त्यांना दिला. मग ती टेबलामागे गेली, स्क्रू ड्रायव्हरची गुंडाळी, ब्रश आणि टॉर्च ही तिची स्वतःची हत्यारं पिशवीत भरली आणि दाराकडे निघाली.

‘‘मॅडम,’’ प्रेमराजभाऊ दारात आडवे आले. चेहरा उतरलेला. ‘‘पुढचा ड्रायव्हर आला की मी कोणाला विचारू? तुमचा नंबर देता का?’’

‘‘तुम्ही त्या दिवशी याच दारातून काय म्हणालात?’’

त्यांनी आईकडे बघितलं. ताईबाईंनी काठी जमिनीवर टेकली. ‘‘सांग ना. तवय तं मोठ्ठा आवाज करा व्हता, आते काय व्हयनं?’’

प्रेमराजभाऊंनी घसा साफ केला. ‘‘मी म्हणालो होतो, या बाईनं माझं कार्ड घालवलं. ते खोटं होतं. न बघता बोललो. मॅडम, मला माफ करा.’’ शेवटचं वाक्य त्यांनी शेठजींकडे नाही, तिच्याकडे बघून म्हटलं, आणि सगळ्यांना नीट ऐकू गेलं.

नूतननं नंबर सांगितला. प्रेमराजभाऊंनी तो मोबाइलमध्ये लिहून घेतला. खांद्यावर कॅबिनेट असलेल्या माणसानं एका हातानं खिशातून मोबाइल काढून तोही लिहून घेतला, शेठजींच्या डोळ्यांदेखत. ‘‘नवीन ड्रायव्हर आल्या आल्या टाकू नका,’’ ती प्रेमराजभाऊंना म्हणाली. राग तसाच होता, पण चुकीचं काम कोणी केलेलं तिला बघवत नसे. ‘‘महिनाभर थांबा. आणि टाकायच्या आधी किलोमीटरची कॉपी काढून ठेवा, मी सांगेन कशी ते.’’

तिनं ताईबाईंचा हात धरला. दोघी एकेक पायरी उतरायला लागल्या. पहिल्या मजल्याच्या वळणावर पोचल्या तेव्हा वरून शेठजींचा आवाज आला, तिचं नाव घेऊन काहीतरी म्हणत होते. ताईबाई थांबल्या. ‘‘बलाई रायना तो तुले.’’

‘‘चला अक्का,’’ नूतन म्हणाली.

संध्याकाळी भूषणचा फोन आला. ‘‘ताई, तुम्ही खाली गेल्यावर शेठजी सगळ्यांसमोर म्हणाले की...’’

‘‘मला नको सांगूस,’’ नूतन म्हणाली. ‘‘मी समोर उभी होते तेव्हा म्हणायचं होतं.’’ आणि तिनं फोन ठेवून दिला.